शिवेपलीकडचं गाऱ्हाणं

रवळनाथा,
गाऱ्हाणं घालतोय, पण नारळ नाही.
रुवैसला मिळतो तो किसलेला, पाकिटातला,
त्याला शेंडी नसते, तो तुझ्यापुढे कसा ठेवू?
आणि मागे उभं राहून
‘व्हय म्हाराजा’ म्हणणारी माणसंही नाहीत.
खोलीत सहा खाटा. पाच झोपल्यात.
एसी तेवढा हुंकार देतो.

गोष्ट अशी आहे.
व्हिसाच्या मेडिकलला छातीचा फोटो काढला
आणि मोबाइलवर निरोप आला : गुरुवारी पुन्हा या.
का, ते लिहिलेलं नाही.
काउंटरवरचा पोरगा मान वर न करता म्हणाला,
फिल्मवर काहीतरी आहे.

काहीतरी.
या शब्दाला हात नाहीत, पाय नाहीत,
तरी रात्रभर माझ्या खाटेभोवती फिरतो.
डाग निघाला तर बारा वर्षांचा संसार तीस किलोत बसवायचा.
गेल्या साली गोविंद मेस्त्री असाच गेला.
त्याच्या खाटेच्या दांडीवर
आता मी टॉवेल वाळत घालतो.

ऊर्मिलाला सांगितलं नाही.
ती म्हणाली, आवाज बसलाय तुमचा.
मी म्हटलं, एसी.

आमचा घाडी सांगायचा,
तुझा अंमल व्हाळापर्यंत,
व्हाळापलीकडे दुसऱ्याची शीव.
मग इथे कोणाचा?
व्हाळ गेला, समुद्र गेला,
वाळू तर अजून संपलेली नाही.
पहाटे बांग होते, मी जागाच असतो.
शब्द कळत नाहीत.
पण हाक मारणाऱ्याचा आवाज
कुठल्याच गावात परका वाटत नाही.

आज टाकीत उतरलो. शटडाऊन चालू आहे.
दोन फुटांच्या भोकातून आत,
कमरेला दोरी, दोरीचं टोक बाहेर मोफिजुलकडे.
तो बारिसालचा. त्याचं काम बसून राहायचं.
वहीत माझं नाव, आत गेल्याची वेळ,
बाहेर आल्याची जागा कोरी.
आत सगळा काळोख, आणि मधोमध
माझ्या दिव्याचा पांढरा ठिपका.
फिल्मवर मी असाच दिसत असेन.

तीनच्या सुमारास लाइन ट्रिप झाली
आणि कपाळावरची बॅटरीही गेली.
हात डोळ्यांपुढे धरला, हात नव्हता.
मी पाना लोखंडावर आपटला.
टाकीभर घणघणून तो आवाज
माझ्याकडेच परत आला.
आणि मग बाहेरून : आछी.

त्यांच्याकडे ‘मी आहे’ला असं म्हणतात.
दिवे कधी येतील, सांगितलं नाही.
त्यालाही ठाऊक नव्हतं.
नुसतं आछी.
मी चाचपत उरलेले तीन बोल्ट आवळले.

खोटं कशाला बोलू,
त्याचा चुलतभाऊ एका टाकीतच राहिला होता.
त्याच्याही कमरेला दोरी होती.
मोफिजुल हे सांगतो,
आणि दुसऱ्या दिवशी येऊन टोक धरतो.

आता रात्री कौल लावायला बसलो होतो.
पाकळ्या नाहीत म्हणून
टिश्यू पेपरचे दोन तुकडे भिजवून
फ्रिजच्या दाराला चिकटवले.
उजवा पडला तर थांबायचं, डावा पडला तर जायचं.
पाणी ओघळत होतं, डावा जरा सुटत होता,
बघता बघता मीच दोन्ही काढून टाकले.
तू काय ठरवलंयस ते नको सांगू.
सगळं भलंच होईल असं माझ्या तोंडून निघत नाही,
निघालं असतं तर गाऱ्हाणं कशाला घातलं असतं?

गुरुवारी सहाची बस.
नाव लिही, वेळ लिही,
टोक धरून बस.
मी आतून पाना वाजवीन.

व्हय म्हाराजा.
हेही मीच म्हणतो.
हळू. पाच माणसं झोपलीत.